क्रोन्स, गोळ्या आणि निसर्गोपचार: भावासाठी विचारणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तर समजेल. तुमचा भाऊ २७ वर्षांचा. पोटदुखी, जुलाब, संध्याकाळचा बारीक ताप यापासून सुरुवात झाली. आधी सहा महिने टीबीची औषधं झाली, मग दुसऱ्यांदा दुर्बीण टाकल्यावर क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि जखमा होत राहणाऱ्या आजाराचं, निदान झालं. सध्या ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) १०० मिलिग्रॅम, मेसालामिन आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी कमी करत १० मिलिग्रॅमवर आणलीय, पण त्याखाली उतरलं की दुखणं उलटतं. वजन ४६ किलो. डॉक्टर अडालिमुमॅबची इंजेक्शनं सुचवतायत. मामांचं म्हणणं, सगळ्या गोळ्या बंद करून त्याला २१ दिवस निसर्गोपचार केंद्रात ठेवू, रसाहार आणि एनिमाने आतडी स्वच्छ होतील. शिवाय ओळखीच्या कोणी पुड्या दिल्यात आणि त्या घेतल्यावर दोन आठवडे त्याला खरंच बरं वाटलं. आणि शेवटी, लग्नाचं काय?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि क्रोन्सचे पेशंट बरीच वर्षं बघतोय. माझं मत आधीच सांगतो: गोळ्या बंद करू नका, रसाहाराचा उपवास करू देऊ नका, अडालिमुमॅबचा सल्ला मला योग्य वाटतो. निसर्गोपचारातल्या काही गोष्टी मात्र त्याने जरूर कराव्यात, आणि त्या कोणत्या हेही लिहितो. पुड्यांचा विषय गंभीर आहे, त्यावर वेगळं लिहिलंय, तो भाग वाचल्याशिवाय काही करू नका.

क्रोन्समध्ये बरं वाटणं आणि आतडं बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात जो वाद चाललाय, त्याचं मूळ इथे आहे. पोट दुखायचं थांबलं, संडासला दोनदाच जावं लागतं, भूक लागते, म्हणजे आजार गेला असं घरच्यांना वाटतं, पेशंटलाही वाटतं. पण त्याच पेशंटला दुर्बीण टाकली तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लांबट, खोल जखमा तशाच असतात आणि त्यांच्या मधली सुजलेली जागा फरसबंदीसारखी उंचसखल दिसते. उलटही होतं. जखमा पूर्ण भरलेल्या असतात आणि तरी पोटात गॅस, मुरडा, दोनतीन पातळ संडास चालूच असतात, कारण आतडं हळवं झालेलं असतं. अशा माणसाला आणखी जोरदार औषध देऊन काही साधत नाही.

जखमा महत्त्वाच्या का? न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी १९३२ साली या आजाराचं वर्णन केलं, ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या सुजेचं होतं. ही सूज फक्त आतल्या अस्तरापुरती राहत नाही, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरते. त्यामुळे वर्षानुवर्षं धुमसत राहिली की भिंत जाड आणि कडक होते, आतडं अरुंद होतं. किंवा जखम भिंतीच्या आरपार जाते, पोटात गळू होतं, नाहीतर एका आतड्यातून दुसऱ्यात, मूत्राशयात, गुदद्वाराजवळच्या त्वचेत वाट पडते. एकदा आतडं दोरासारखं आवळलं गेलं की गोळीने ते पुन्हा रुंद होत नाही. तिथे फुगा घालून रुंद करावं लागतं किंवा तो तुकडा काढावा लागतो. म्हणून आम्ही आता नुसतं दुखणं थांबण्यावर समाधान मानत नाही. सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी नॉर्मल यावा, आतड्याची सूज दाखवणारं संडासातलं कॅल्प्रोटेक्टिन २५० च्या खाली यावं, आणि दुर्बिणीत जखमा भरलेल्या दिसाव्यात, असं ध्येय ठेवतो.

मामांना मी एवढंच सांगेन की हीच मोजपट्टी सगळ्यांना लावा. माझ्या गोळीला लावा, रसाहाराला लावा, वैद्यांच्या काढ्यालाही लावा. उपचारापूर्वी कॅल्प्रोटेक्टिन करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा. आकडा उतरला तर उपचार लागू पडला. नुसतं "बरं वाटतंय" हा पुरावा नाही, कारण चार दिवस जेवण बंद केलं तरी क्रोन्सच्या माणसाला बरं वाटतं. अरुंद झालेल्या आतड्यातून काही जायचंच नसलं तर दुखणार कसं?

आता टीबीबद्दल, कारण तुमच्या पत्रात डॉक्टरांवरचा रागही दिसतो: "सहा महिने चुकीचं औषध दिलं." राग समजतो, पण आपल्याकडे ही गोष्ट खरंच अवघड आहे. टीबी आणि क्रोन्स दोघांनाही लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा आवडतो. दोन्हींत ताप, वजन घटणं, गाठी. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचा बारीक पुंजका) दोन्हींत मिळतो, आणि आतड्याच्या टीबीत जंतू इतके थोडे असतात की टीबीचे जंतू शोधणारी जीनएक्स्पर्टची तपासणीही अनेकदा निगेटिव्ह येते. लांबट जखमा, गुदद्वाराजवळचं भगंदर, आतड्यात अनेक ठिकाणी सुटेसुटे पट्टे दिसले तर पारडं क्रोन्सकडे झुकतं. आडव्या जखमा, पोटात पाणी, मधे गळालेल्या गाठी, छातीच्या फोटोत डाग असले तर टीबीकडे. ज्याचं पारडं कुठेच झुकत नाही अशा पेशंटला टीबीची औषधं सुरू करून बघणं हा भारतात मान्य मार्ग आहे. कारण टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर तो भडकतो. फक्त एक काम करायला हवं असतं आणि ते बरेचदा राहून जातं: दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून जखमा भरल्या का ते बघणं. टीबीच्या औषधावर क्रोन्सच्या पेशंटलाही सुरुवातीला थोडं बरं वाटतं, त्यामुळे नुसतं विचारून निर्णय घेता येत नाही. हे इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितोय. घरात कोणाला आतड्याच्या टीबीची औषधं चालू असतील तर पुढची दुर्बीण कधी, हे आजच विचारून ठेवा.

तुमच्या भावाच्या गोळ्यांकडे येतो. मेसालामिन अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येणाऱ्या आजारात) उत्तम काम करतं, क्रोन्समध्ये त्याचा उपयोग फारच मर्यादित आहे. ते बंद करता येईल का, असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, तेवढेच पैसे आणि तेवढ्याच गोळ्या वाचतील. ॲझाथायोप्रिनचा डोस वजनाच्या हिशोबाने बरोबर आहे, किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम. ते हळू चढतं, परिणाम दिसायला तीन-चार महिने लागतात. पण त्यावर लक्ष ठेवावं लागतं. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला एक बदल भारतीयांमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि असा बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी या गोळीने पार खाली येतात. सुरुवातीला केस मूठमूठ गळायला लागले तर ती धोक्याची खूण समजा, शॅम्पू बदलत बसू नका, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. सुरुवातीला आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी आणि पुढे कायम तीन महिन्यांनी सीबीसी आणि लिव्हरच्या तपासण्या हव्यातच.

प्रेडनिसोलोन १० च्या खाली उतरता येत नाही, याला आम्ही स्टिरॉइडवर अवलंबून असणं म्हणतो. स्टिरॉइड आग विझवायला उत्तम, पण ते जखमा नीट भरून काढत नाही आणि महिनोनमहिने घेतलं तर हाडं पोकळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग होतो. तुमच्या घरात "इंजेक्शनं नकोत, गोळ्यांवर भागवू" असं चाललंय. त्या गोळ्यांत सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोळी हीच आहे, आणि इंजेक्शन आलं की आधी हीच बंद होईल.

अडालिमुमॅब पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली घरच्या घरी घेता येतं. पहिला डोस १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, मग दर दोन आठवड्यांनी ४०. टीएनएफ नावाचा सूज पेटवणारा घटक ते अडवतं. याच गटातलं इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ साली मंजूर झालं. भारतात २०१४ च्या अखेरीस झायडसने अडालिमुमॅबचं देशी रूप आणलं, आता अशा अनेक कंपन्यांची इंजेक्शनं मिळतात आणि खर्च पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आलाय. तरी तो मध्यमवर्गीय घराला जड आहे हे मला माहीत आहे. किंमत विचारताना कंपनीनिहाय विचारा, फरक मोठा असतो, आणि पेशंटसाठी सवलतीची योजना आहे का तेही विचारा.

"इतकं जोरदार औषध इतक्या लवकर कशाला?" हा प्रश्न साहजिक आहे. ब्रिटनमधल्या प्रोफाइल नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात नुकतंच निदान झालेले ३८६ पेशंट होते. अर्ध्यांना सुरुवातीलाच इन्फ्लिक्सिमॅब आणि जोडीला ॲझाथायोप्रिनसारखी गोळी दिली, अर्ध्यांना गरज पडेल तसं पायरीपायरीने वाढवत नेलं. ४८ आठवड्यांनी स्टिरॉइडशिवाय आणि ऑपरेशनशिवाय आजार शांत राहिलेले पहिल्या गटात ७९ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. आधी हलकं देऊन बघू, मग जोरदार देऊ, हा विचार ऐकायला सौम्य वाटतो, पण क्रोन्समध्ये मधल्या काळात आतडं खराब होतं.

धोकेही सांगितले पाहिजेत. पहिला धोका पुन्हा टीबीचाच. हे इंजेक्शन शरीरात झोपलेला टीबी जागा करू शकतं. त्यामुळे आधी छातीचा फोटो किंवा सीटी, मँटू किंवा आयजीआरए (झोपलेला टीबी शोधणाऱ्या त्वचेच्या आणि रक्ताच्या चाचण्या), शिवाय हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करतातच. त्याने टीबीचा पूर्ण कोर्स केलाय हे डॉक्टरांना कागदासह दाखवा. तपासण्या चांगल्या आल्या तरी पुढे कधीही दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असं झालं तर पुढचं इंजेक्शन थांबवून आधी डॉक्टरांना गाठा. दुसरा धोका अतिशय दुर्मीळ आहे, पण तरुण पुरुषांना सांगायलाच हवा असा. ॲझाथायोप्रिन आणि हे इंजेक्शन दोन्ही दीर्घकाळ एकत्र घेतल्यास एका विशिष्ट प्रकारच्या लिम्फोमाची (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची) शक्यता किंचित वाढते. म्हणून आजार स्थिर झाल्यावर दोन्हींपैकी एक कमी करता येईल का, हा प्रश्न वही काढून लिहून ठेवा. इंजेक्शनांपूर्वी हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया आणि फ्लूच्या लशी उरकून घ्या. अडालिमुमॅब लागू पडलं नाही तरी व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, उपाडासिटिनिब असे वेगळ्या वाटेने काम करणारे पर्याय आज आहेत.

ऑपरेशनला घाबरू नका, हेही जोडतो. आजार लहान आतड्याच्या शेवटच्या थोड्या भागापुरता असेल तर पोटाला छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीच्या ऑपरेशनने (लॅपरोस्कोपीने) तो तुकडा काढणं हा इन्फ्लिक्सिमॅबच्या तोडीचा पर्याय आहे. युरोपातल्या एका चाचणीने २०१७ साली हे दाखवलं. पण ऑपरेशन म्हणजे कायमची सुटका नव्हे. जोडाच्या जागी आजार परततो, म्हणून सहा महिने ते वर्षभरात दुर्बीण पुन्हा टाकावी लागते, त्रास नसला तरीही.

आता निसर्गोपचार. महाराष्ट्रात या विषयाला मान आहे आणि तो मला पटतो. १९४६ साली गांधीजींनी उरुळी कांचनला उपचार सुरू केले आणि मणिभाई देसाईंनी ते काम पुढे उभं केलं. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, ताणतणाव या आजारांत अशा ठिकाणी राहून आलेल्या माणसात मी चांगला फरक पाहिलाय. वेळेवर जेवण, चालणं, झोप, तळलेलं बंद, तंबाखू बंद. पण जो कार्यक्रम ९० किलोच्या माणसासाठी बेतलाय तो ४६ किलोच्या क्रोन्सच्या मुलाला जसाच्या तसा देता येत नाही.

रसाहाराचा हिशोबच करू. आजार चालू असताना किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्याच्या वजनाला ५५ ते ७० ग्रॅम. गाजराच्या किंवा दुधी भोपळ्याच्या पेलाभर रसात एक-दोन ग्रॅमही जेमतेम. दिवसभरात सहा पेले घेतले तरी गरजेच्या पाचव्या हिश्शाच्या आतच. सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं आधीच गळतायत, स्टिरॉइड स्नायू खातंय, त्यात २१ दिवस रस. आजार उतरेल असं वाटत असताना स्नायू उतरतील. भर म्हणजे इतक्या खंगलेल्या माणसाला उपवासानंतर एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळतं, हृदयाचे ठोके बिघडतात. हा धोका पुस्तकी नाही.

याच जागी मामांना एक गोष्ट नक्की आवडेल. आहाराने क्रोन्सची सूज खरोखर उतरते, याचा भक्कम पुरावा आहे, फक्त तो उपवासाच्या उलट दिशेचा आहे. सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण थांबवून फक्त सगळी पोषकद्रव्यं असलेलं तयार द्रवअन्न द्यायचं, गरजेइतक्या पूर्ण उष्मांकांचं. लहान मुलांत ही पद्धत स्टिरॉइडइतकी परिणामकारक ठरलीय आणि कित्येक ठिकाणी तोच पहिला उपचार असतो. वजन वाढतं, उंची वाढते. मोठ्या माणसांना आठ आठवडे एकाच चवीचं पिणं जमत नाही, हीच काय ती अडचण. त्यावर तोडगा म्हणून निम्मे उष्मांक अशा द्रवअन्नातून आणि निम्मे ठरावीक साध्या पदार्थांतून, भात, बटाटा, केळं, सफरचंद, अंडी, चिकन असे, अशीही पद्धत निघालीय. शाकाहारी घरात ती बसवायला क्रोन्सची माहिती असलेला आहारतज्ज्ञ लागतो. तुमच्या भावाला अडालिमुमॅब सुरू व्हायला तपासण्यांमुळे काही आठवडे जाणार असतील तर या काळात हा आहार देता येईल का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. वजनासाठीही ते उत्तम.

रोजच्या जेवणाबाबत आपल्या लोकांना पथ्याची यादी हवी असते. मी सगळ्यांना एकच यादी देत नाही. सगळ्यात आधी, आतडं अरुंद झालंय का ते एमआर किंवा सीटी एन्टरोग्राफीवरून (लहान आतड्याच्या खास स्कॅनवरून) माहीत हवं. झालं असेल तर कच्चं सॅलड, मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगा, पेरूच्या बिया, संत्र्या-मोसंबीचा चोथा, फणस, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, अख्खी मटकी हे सगळं बंद. निसर्गोपचारातलं ताटभर कच्चं सॅलड अशा माणसाला थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ शकतं. जेवल्यावर तासाभराने बेंबीभोवती कळ चढत जाणं, पोट फुगून गुडगुडणं, मग उलटी झाली की मोकळं वाटणं, ही अरुंद आतड्याची भाषा आहे. आतडं अरुंद नसेल आणि आजार शांत असेल तर भाज्या बंद करायचं काहीच कारण नाही, उलट शिजवलेल्या भाज्या, साल काढलेली फळं, डाळी यांनी भलंच होतं. अमेरिकेत धान्यं-साखर पूर्ण वगळणाऱ्या एका प्रसिद्ध कडक आहाराची साध्या भूमध्यसागरी आहाराशी तुलना झाली. २०२१ साली निष्कर्ष आले, दोन्ही गटांत जवळपास सारख्याच लोकांना आराम पडला होता. म्हणजे जास्त कडक पथ्य म्हणजे जास्त फायदा असं नाही.

आपल्या ताटातून सांगायचं तर मऊ भात, मुगाचं वरण, वर चमचाभर तूप, दुधी-लाल भोपळा-पडवळाची भाजी, ज्वारीची मऊ भाकरी सोसेल तशी, दही किंवा ताक, अंडी आणि खात असाल तर मासे. दूध अनेकांना गॅस करतं, पण दही-ताक बहुतेकांना चालतं. दुधाच्या भीतीने दहीसुद्धा बंद करू नका, कॅल्शियम जातं. बंद काय करायचं तर बेकरीचे पदार्थ, चिप्स, पाकिटातली सूप आणि सॉस, कोल्ड्रिंक. त्यातली इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारी रसायनं) आतड्यातल्या जंतूंचा समतोल बिघडवतात अशी शंका घ्यायला पुरेसा आधार आहे, आणि ते सोडून कोणाचंच काही अडत नाही. सिगारेट-बिडी ओढत असेल तर ती बंद. क्रोन्समध्ये धूम्रपानाने आजार भडकतो आणि ऑपरेशनं वाढतात, याबद्दल दुमत नाही. आणि डोकं किंवा पाठ दुखली म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणायच्या नाहीत. पॅरासिटामॉल चालतं.

मातीपट्टी, गार-गरम शेक, कटिस्नान यांनी नुकसान नाही, आराम वाटत असेल तर खुशाल करा. फक्त गुदद्वाराजवळ गळू किंवा पू असेल तर तिथे माती नको. योगासनं, प्राणायाम, चालणं, रात्री अकराच्या आत झोप हे मी स्वतः सांगतो. यांनी जखमा भरतात असं मी म्हणणार नाही, पण थकवा, चिंता आणि हळव्या आतड्याचा त्रास खूप कमी होतो, आणि क्रोन्सच्या पेशंटचं निम्मं दुःख तिथे असतं. नको त्या गोष्टी तीन: नौली आणि तशा पोट आवळणाऱ्या क्रिया, शंखप्रक्षालन आणि एनिमा. अरुंद आतड्यात दोन-चार लिटर मिठाचं पाणी ओतणं किंवा जखमांनी भरलेल्या मोठ्या आतड्यात नळी घालणं, दोन्हीत आतडं फाटण्याची भीती आहे. "आतडी स्वच्छ" करण्याने क्रोन्स जात नाही, कारण तो मळाने झालेला नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यातल्या जंतूंविरुद्ध वाजवीपेक्षा जास्त लढते, हे त्याचं कारण आहे.

याच कारणासाठी "इम्युनिटी वाढवणाऱ्या" गोष्टी या आजारात नकोत. गुळवेल तर नकोच. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची माहिती प्रसिद्ध केली, आणि त्यात प्रतिकारशक्ती उलटण्याचाच प्रकार दिसत होता. ॲझाथायोप्रिनसुद्धा लिव्हरला त्रास देऊ शकतं. दोन्ही एकत्र घेतलं आणि कावीळ झाली तर दोष कोणाचा हेच कळणार नाही आणि चांगलं औषध बंद करावं लागेल. हळद जेवणात जितकी घालतो तितकी उत्तम. हळदीच्या कॅप्सूल मात्र क्रोन्सचं ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये आजार परतू नये म्हणून देऊन पाहिल्या, त्यांचा काहीच फायदा दिसला नाही. मिरीचा अर्क मिसळलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी लिव्हर बिघडल्याची उदाहरणंही आहेत. शल्लकी या आयुर्वेदिक औषधाचं तेच, आजार शांत राखण्यासाठी ती साध्या नकली गोळीहून सरस ठरली नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलही नाही, प्रोबायोटिकही नाही. या सगळ्यावर महिन्याला जाणारे पैसे अंडी, पनीर आणि कॅल्प्रोटेक्टिनच्या तपासणीवर घाला.

आता पुड्या. पांढरट किंवा करड्या पुड्या, वर नाव नाही, आणि घेतल्यावर चार दिवसांत भूक उघडते, दुखणं थांबतं, माणूस टवटवीत होतो. पंचविशीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता, गाल वाटोळे झालेले, पोटावर जांभळट रेघा, हातपाय मात्र काटकुळे. "कुठलंही ॲलोपॅथी औषध घेत नाही" असं आई ठामपणे सांगत होती. सकाळी आठचं कॉर्टिसोल करून पाहिलं तर जवळजवळ शून्य. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं बंद केलं होतं, कारण पुडीतून ते मिळत होतं. म्हणून तुम्हाला विनंती आहे, पुड्या डॉक्टरांना दाखवा, किती दिवस आणि किती घेतल्या ते सांगा. त्यांना न सांगता एकदम तोडू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर अचानक थांबवल्याने रक्तदाब कोसळू शकतो.

वैद्यांकडे जाऊच नका असं मी म्हणत नाही. जुलाबाला कुडा, बेलफळ, ताकावरचं पथ्य यांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि चांगला वैद्य पेशंटची नाडी बघतो तशीच त्याची फाइलही बघतो, चालू गोळ्या बंद करायला सांगत नाही. पण पारा असलेल्या पर्पट्या आणि भस्मं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाची विषबाधा झाली तर पोटात कळा येतात आणि रक्त कमी होतं. क्रोन्सच्या पेशंटमध्ये ती ओळखणार कशी? गुदद्वाराजवळ भगंदर झालं असेल तर क्षारसूत्रापूर्वी (औषधी दोरा बांधून भगंदर हळूहळू कापण्याच्या उपचारापूर्वी) ते क्रोन्सचं आहे हे तिथल्या वैद्यांना आवर्जून सांगा. एरवीच्या भगंदरात क्षारसूत्र चांगलं काम करतं, पण क्रोन्सच्या भगंदरात स्नायू हळूहळू कापला गेला तर संडासवरचा ताबाच जातो. तिथे एमआरआय, पू वाहून जाण्यासाठी सैल दोरा आणि जोडीला इन्फ्लिक्सिमॅब, असा क्रम लागतो.

माझे काही पेशंट निसर्गोपचार केंद्रात जातात. मी अडवत नाही, पण आजार शांत असेल तरच जाऊ देतो आणि सोबत चिठ्ठी देतो. चिठ्ठीत एवढंच असतं: चालू औषधं तशीच, उपवास आणि रसाहार नाही, एनिमा आणि शंखप्रक्षालन नाही, कच्चं सॅलड नाही, लेबल नसलेलं औषध नाही, दर आठवड्याला वजन, आणि ताप, उलटी किंवा पोट फुगल्यास त्याच दिवशी फोन. जे केंद्र ही चिठ्ठी मान्य करतं तिथे निर्धास्त पाठवा. जे म्हणेल की आमच्याकडे यायचं तर आधी गोळ्या बंद करा, तिथे नको. तुमच्या भावाचा आजार आज शांत नाही, त्यामुळे आत्ता कुठेच नको. अडालिमुमॅबवर सहा महिने जाऊ देत, स्टिरॉइड सुटू दे, वजन वाढू दे, मग मामांनी त्याला आठवडाभर घेऊन जावं.

लोहाच्या गोळ्यांबद्दल एक राहिलं. सूज चालू असताना तोंडावाटे लोह फारसं शोषलं जात नाही आणि पोट मात्र बिघडतं. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर शिरेतून लोह द्यायला सांगा. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन "नॉर्मल" दिसलं म्हणून थांबू नका, सूज असताना ते १०० पर्यंत असलं तरी लोह कमी असू शकतं. जोडीला बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासा, कारण बी१२ नेमकं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्याचा तोच भाग आजारी आहे.

लग्नाचं. त्याने लग्न करावं. मुलीकडच्यांना आजार आधी सांगा, कागद दाखवून सांगा, लपवलेला क्रोन्स लग्नानंतर पहिल्याच दुखण्यात उघडा पडतो आणि मग गोळ्याही लपूनछपून घेतल्या जातात किंवा बंद होतात. एका पालकाला क्रोन्स असेल तर मुलाला होण्याची शक्यता काही टक्के इतकीच असते. ॲझाथायोप्रिन आणि अडालिमुमॅब यांनी पुरुषाच्या जननक्षमतेवर परिणाम होत नाही, मूल हवंय म्हणून ती बंद करायची गरज नाही. पुढेमागे सांधेदुखीसाठी कोणी सल्फासालाझिन दिलं तर त्याने शुक्रजंतू कमी होतात, गोळी थांबवल्यावर दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात, म्हणून त्या काळात ती बदलून घ्या. आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारं आणखी एक औषध) द्यायचं ठरलं तर मूल हवंय हे डॉक्टरांना आधीच सांगा.